चिमणरावांचे दप्तरदार

गेल्या वर्षी इंग्रजीच्या तासाला आमच्या सरांनी पुस्तक मिटून ठेवले आणि उरलेला अर्धा तास एका जुन्या विलायती मालिकेच्या आठवणी सांगण्यात घालवला. मालिकेचे नाव डॅड्स आर्मी. ती बीबीसीवर १९६८ ते १९७७ या काळात चालली. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या समुद्रकाठच्या एका लहान गावातले लोक गावाच्या रक्षणासाठी पलटण उभी करतात. बहुतेकांची वये उतरलेली. कॅप्टन कोण, तर गावातल्या बँकेचा मॅनेजर. त्याच्या हाताखाली त्याच बँकेतला कारकून, कोपऱ्यावरचा खाटीक आणि असेच इतर. शत्रू काही येत नाही, पण दर आठवड्याला फजिती मात्र ठरलेली. सांगता सांगता सरांनाच हसू आवरेना. मग जरा थांबून ते म्हणाले की या मालिकेचे तीन भाग आता कुठेच सापडत नाहीत. त्या काळी टेप महाग असे, म्हणून जुना कार्यक्रम पुसून त्याच टेपवर नवा घेण्याची पद्धत होती. आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी. काटकसर म्हटली की आमच्या माना आपोआप हलतात. पण मला त्या क्षणी आठवली ती माझी आजी.

आजीचे माहेर गिरगावचे. लग्न होऊन ती हैदराबादला काचीगुड्यात आली आणि १९७८ साली पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी गेली. (ते बाळ म्हणजे आमचे बाबा.) माहेरच्या चाळीत एकाच घरी टेलिव्हिजन होता आणि त्यावर मुंबई दूरदर्शनची चिमणराव ही मालिका लागायची. त्या वेळी जिना, गॅलरी, दाराचे उंबरे सगळे माणसांनी भरून जात. आजीला पुढे खुर्ची मिळे, कारण मांडीवर तान्हे मूल. तीन-चार महिन्यांनी ती हैदराबादला परतली आणि चिमणराव तुटले ते तुटलेच. आपल्या शहरात दूरदर्शन केंद्र १९७७ च्या ऑक्टोबरातच सुरू झाले होते, परंतु ते तेलुगू आणि उर्दू बोलणारे. मुंबईचे मराठी चिमणराव इकडे कुठून दिसणार? आजीने पाहिलेले ते मोजके भागच पुढे आमच्या घरात गोष्टीरूपाने राहिले. आम्हा भावंडांना ताप आला की ती पायाशी बसून चिमणराव सांगे. लहानपणी माझी अशी समजूत होती की चिमणराव हे आजीचे कोणी गिरगावातले नातेवाईक असावेत.

हे चिमणराव ज्यांच्या लेखणीतून आले त्या कै. चिं. वि. जोशी यांच्याविषयी या अंकात लिहावे असे त्या दिवशी मनात आले. शाळेत त्यांचे नाव ऐकलेले होते. मराठी माध्यमाच्या मुलाला विनोदी लेखकांची नावे पाठ असतातच. परंतु हे गृहस्थ आयुष्यभर पोटासाठी काय करीत होते हे मला परवापर्यंत ठाऊक नव्हते, आणि ते कळल्यावर मी थोडा चकितच झालो.

चिंतामण विनायक जोशी यांचा जन्म १९ जानेवारी १८९२ रोजी पुण्यात झाला. शिक्षणही पुण्यातच, नूतन मराठी विद्यालयात आणि पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात. तेथे त्यांना गुरू भेटले ते धर्मानंद कोसंबी. कोसंबी हे गोव्याचे. बुद्धाच्या ओढीने घर सोडून नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश असे पायाला भिंगरी लावून फिरलेले आणि तिथून पाली भाषा शिकून आलेले. मुंबई इलाख्यात पालीचे अध्ययन रुजवण्यात त्यांचा वाटा मोठा. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना महिना पन्नास रुपये देऊन, महाराष्ट्रात कुठेही राहून काम करावे असे सुचवले होते. फर्ग्युसनमध्ये त्यांच्या हाताखाली जी मोजकी मुले तयार झाली त्यांतले एक आपले जोशी. त्यांनी पाली घेऊन एम. ए. केले, काही वर्षे शाळामास्तरकी केली आणि १९२० च्या सुमारास बडोदा महाविद्यालयात पालीचे अध्यापक म्हणून गेले. ज्या संस्थानाने गुरूला हात दिला त्याच संस्थानात शिष्याची नोकरी झाली.

पाली शिकणाऱ्यांसाठी त्यांनी इंग्रजीत मॅन्युअल लिहिले, जातकांतल्या निवडक गोष्टी मराठीत आणल्या, गौतम बुद्धावर लेखन केले. या बाबतीत माझा अधिकार शून्य आहे, तेव्हा थोडक्यात आटोपतो. मात्र जातककथा मी वाचल्या आहेत आणि त्यांच्याबद्दल मला सुचलेली एक गोष्ट सांगावीशी वाटते. या कथा बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या. प्रत्येक कथेत प्रसंग नवा, पण माणसे पुष्कळदा तीच. कधी माकडाच्या रूपात, कधी हरणाच्या, कधी व्यापाऱ्याच्या. पण खोडी काढणारा बहुधा देवदत्तच आणि निष्ठेने पाठीशी उभा राहणारा आनंदच. कथा संपली की कोण कोण होते त्याचा मेळ सांगितला जातो. आता तीच ती माणसे आणि दर खेपेला नवा घोटाळा, हेच तर आमचे सर त्या दिवशी वर्गात सांगत होते. इंग्रजीत ज्याला सिच्युएशन कॉमेडी म्हणतात त्याला मराठीत प्रसंगनिष्ठ विनोद असा शब्द आहे. पाली ग्रंथांत इतकी वर्षे बुडालेल्या माणसाच्या डोक्यात ही चौकट नकळत बसली असेल काय? हा केवळ माझा तर्क आहे. मराठीच्या प्राध्यापकांनी तो कान पकडून दुरुस्त करावा.

महाविद्यालयात आठेक वर्षे झाल्यावर जोशी बडोदा संस्थानचे राजदफ्तरदार झाले आणि संस्थान विलीन होण्याच्या सुमारापर्यंत त्या जागेवर राहिले. दफ्तरदार म्हणजे आजच्या भाषेत अभिलेखागाराचा प्रमुख. गायकवाडांच्या कारभाराचे पिढ्यान्पिढ्यांचे कागद, बरेचसे मोडी लिपीतले, कापडी रुमालांत बांधून रचलेले. ते लावायचे, वाचायचे, वाळवी आणि ओल यांच्यापासून राखायचे आणि अभ्यासकाने मागितला तर नेमका तो कागद काढून द्यायचा. हैदराबादकरांना हे काम समजावून सांगायला नको. तार्नाक्याला आपल्याकडेही असेच दफ्तर आहे. शहाजहान-औरंगजेबाच्या दख्खनच्या कारभारापासूनचे कागद तिथे आहेत. आठव्या वर्गापासून मी बसने त्या इमारतीवरून जातो, पण आत काय असते हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

अशी कल्पना करा. दिवसभर जुन्या सनदा, हिशेब आणि फर्माने चाळून हा गृहस्थ घरी येतो, आणि रात्री लिहायला बसतो तेव्हा कागदावर उतरतो तो एक लुकडा, भित्रा, सालस कारकून, चिमणराव. त्याच्या जोडीला त्याचा भाऊ गुंड्याभाऊ: दणकट, आडदांड, हातात भला मोठा सोटा, आणि चिमणरावाच्या प्रत्येक अडचणीवर तोडगा काढून ती अडचण दुप्पट करणारा. चिमणरावाची बायको काऊ, म्हणजे कावेरी. मुले मोरू, राघू आणि मैना. नावे एका दमात म्हणून पाहा. चिमणी, कावळा, मोर, पोपट, मैना. सगळे घर म्हणजे पक्ष्यांचे झाड! हे माझ्या ध्यानात यायला वयाची वीस वर्षे जावी लागली. आजीला सांगितले तर ती माझ्याकडे कीव आल्यासारखी पाहू लागली. तिला ते १९७८ पासून ठाऊक होते.

पुस्तकांची नावेही पाहण्यासारखी आहेत. १९३२ साली एरंडाचे गुऱ्हाळ आले आणि पाठोपाठ चिमणरावांचे चऱ्हाट. पुढे वायफळाचा मळा. आमच्या अंकाच्या कानडी विभागाचा संपादक माझा मित्र आहे, त्याला मी पहिल्या नावाचा अर्थ सांगू लागलो. माझ्या आईचे माहेर बिदरचे, त्यामुळे मोडकी का होईना कानडी मला येते. गुऱ्हाळ म्हणजे आलेमने हे त्याला लगेच कळले. पण औडलाची आलेमने म्हटल्यावर तो बघतच राहिला. एरंड चरकात घालून गूळ कसा निघेल? निघत नाहीच, आणि तेच तर नाव आहे: खूप दळण, हाती काही नाही. चऱ्हाटही तसेच, वळत जावे तितके लांबणारे. म्हणजे एका पंडिताने आपल्या लागोपाठच्या पुस्तकांना निरर्थक बडबड अशा अर्थाची नावे देऊन ठेवली. आपल्याकडे चार कविता छापून आल्या की विद्यार्थीही नावामागे कवी लावतो (हे मी कोणाला उद्देशून म्हणत नाही), तिथे ही वृत्ती उठून दिसते.

जोश्यांच्या आधी मराठी विनोदात दोन मोठी नावे होती. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे सुदाम्याचे पोहे आणि राम गणेश गडकऱ्यांचे बाळकरामाचे लेख. त्यांचा विनोद तल्लख, कोट्यांनी आणि अतिशयोक्तीने सजलेला, बराचसा समाजातल्या वेड्या समजुतींवर चालून जाणारा. जोशी तो विनोद घरात घेऊन आले. त्यांच्याकडे माजघर आहे, पाहुणे आहेत, मुलांचे आजार आहेत, साहेबाची मर्जी आहे, बहिणीच्या लग्नाची विवंचना आहे. वाक्य साधे, सरळ, कुठेही शब्दांची आतषबाजी नाही. हसू येते ते माणूस जसा वागतो त्यामुळे. आणि मुख्य म्हणजे गोष्ट चिमणराव स्वतः सांगतो, त्यामुळे हसण्याचा रोख त्याच्यावरच राहतो. दुसऱ्या कोणाला उगाच ओरखडा निघत नाही. बीबीसीची दूरदर्शन सेवा सुरू झाली ती १९३६ च्या नोव्हेंबरात, आणि तिथे मालिकेच्या स्वरूपातला असा विनोद आला त्यानंतर दहा वर्षांनी. चिमणरावांचे बिऱ्हाड त्याआधीच मराठीत थाटले गेले होते. याचा अर्थ आपण विलायतेच्या पुढे होतो असा मी काढत नाही. माणूस सगळीकडे घरातच अधिक फजीत होतो, एवढेच.

सगळेच काही आज तितकेच रुचते असे नाही. आमच्या वर्गातल्या एका मैत्रिणीने माझ्या आग्रहाखातर काही कथा वाचल्या आणि काऊला लेखकाने फारसे बोलू का दिले नाही असे विचारले. प्रश्न योग्य आहे. त्या काळच्या पांढरपेशा पुण्याबाहेरचे जगही या कथांत थोडेच डोकावते. पण लग्नाच्या बाजारावरची त्यांची नजर मात्र अजून शिळी झालेली नाही. चिमणरावाच्या बहिणीचे, चिमुताईचे, लग्न जमवण्याच्या खटपटीवर १९४० साली मास्टर विनायकांनी लग्न पहावे करून हा चित्रपट काढला. दामूअण्णा मालवणकर चिमणराव आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. जोडी लोकांना इतकी आवडली की १९४२ मध्ये सरकारी पाहुणे आला, त्यातही हेच दोघे. तेव्हा दूरदर्शनच्या कितीतरी आधी चिमणराव पडद्यावर येऊन गेलेले होते.

स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली, बडोदे १९४९ मध्ये मुंबई राज्यात आले. जोशी लिहीत राहिले. बुद्धाच्या शिकवणीवरचे लेखनही चालूच होते आणि विनोदही. या दोन गोष्टी एका माणसात कशा नांदल्या याचे मला राहून राहून नवल वाटते. कदाचित त्यात नवल काही नसेलही. आपल्या इच्छा आणि धडपडी किती फुकाच्या असतात हे ज्याला रोज वाचायला मिळते, त्याला शेजारच्या घरातली धडपड पाहून राग येत नसावा, हसू येत असावे. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी ते वारले. मुंबईत दूरदर्शन केंद्र सुरू व्हायला अजून नऊ वर्षे होती.

मालिका आली १९७७ साली. निर्मितीत याकूब सईद आणि विजया जोगळेकर यांचा पुढाकार होता. चिमणराव झाले दिलीप प्रभावळकर, तेव्हा तिशी नुकतीच ओलांडलेले. गुंड्याभाऊ बाळ कर्वे, काऊ स्मिता पावसकर. मराठी दूरदर्शनवरची ही अगदी सुरुवातीची मालिका, आणि योगायोग असा की विलायतेत डॅड्स आर्मी संपली तीही त्याच वर्षी. प्रभावळकरांना आमच्या पिढीने गांधीजींच्या वेषात, २००६ च्या लगे रहो मुन्नाभाईमध्ये पाहिले आहे. माझी आजी तो चित्रपट लागला की अजूनही चिमणराव आले म्हणते, आणि बापूंना पाहून आधीच हसायला लागते. बाळ कर्वे तर जन्मभर लोकांसाठी गुंड्याभाऊच राहिले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी ते गेले. बातमी मी आजीला मोबाईलवर वाचून दाखवली. ती काही बोलली नाही. संध्याकाळी देवापाशी दिवा लावताना मात्र तिने विचारले की त्यांचा सोटा आता कुणाकडे असेल.

त्या रात्री मी मोबाईलवर मालिकेचे भाग शोधले. जुन्या प्रेक्षकांच्या आठवणी भरभरून मिळतात, भाग मात्र अगदी थोडे. इथेही तीच गोष्ट: टेप महाग, जुन्यावर नवे घ्यायचे, त्यात बरेच गेले. जे मिळाले ते काळे-पांढरे, मध्येच थरथरणारे. आजीने चष्मा पुसून दोनदा पाहिले आणि हा भाग आपण पाहिलेला नाही असे जाहीर केले. तिने पाहिलेले भाग आता तिच्याजवळच आहेत, आणि तेही पूर्वीसारखे नाहीत. हल्ली सांगताना तिची गाडी रुळावरून घसरते. चिमणराव पाहुण्यांना चुकवण्यासाठी मागच्या दाराने निघतात आणि पुढे गेल्यावर ते चिमणराव नसून आमचे आजोबा असतात, दार काचीगुड्याच्या जुन्या घराचे असते. मी आता तिला अडवत नाही.

ज्या माणसाने वीसेक वर्षे दुसऱ्यांचे कागद राखले, त्याच्या चिमणरावांची चित्रे अशी पुसली गेली, हे वाचून मला टेप पुसणाऱ्यांचा राग आला होता. पण तो फार वेळ टिकला नाही, त्याचे कारण लिहिणे भाग आहे. चार वर्षांपूर्वी आम्ही जुने घर सोडून फ्लॅटमध्ये आलो. आजोबा गेल्यानंतर त्यांची पुस्तके दोन लोखंडी पेट्यांत तशीच पडून होती. नव्या घरात जागा नव्हती. बाबांनी काम माझ्यावर सोपवले आणि मी अकरावीत नुकताच हिशेब शिकलेला उत्साही मुलगा. पेट्या उघडून आतले एकही पुस्तक न चाळता रद्दीवाल्याला बोलावले, वजन नीट होते की नाही ते काट्याजवळ उभे राहून पाहिले आणि आलेल्या पैशांची नोंद वहीत केली. एक्केचाळीस किलो. त्यांत चिमणरावांचे चऱ्हाट होते, एरंडाचे गुऱ्हाळ होते. आजीने गिरगावाहून येताना तान्ह्या मुलाबरोबर आणलेली ती पुस्तके होती, हे मला नंतर कळले. ती वही अजून माझ्याकडे आहे.

तेव्हापासून रविवारी सकाळी आबिड्सच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो तिथे मी जातो. इंग्रजी पुस्तकांचे ढीग, स्पर्धा परीक्षांची गाईडे, उर्दू मासिके, तेलुगू कादंबऱ्या. मराठी पुस्तक महिन्यातून एखादे दिसले तर दिसले. विक्रेत्यांपैकी दोघे मला ओळखू लागले आहेत आणि नागरी अक्षर दिसले की बाजूला काढून ठेवतात, मग ते हिंदी निघते. गेल्या डिसेंबरात मात्र एका ढिगाच्या तळाशी आणखी चिमणराव मिळाले. पाठपुठ्ठा नाही, पहिली सोळा पाने नाहीत. साठ रुपये म्हणाला, मी घासाघीस केली नाही.

आमच्या पुस्तकांपैकी ते नव्हते. आजीने हातात घेऊन वास घेतला आणि मला वाचायला बसवले. सतराव्या पानावर वाक्याच्या मध्यातूनच सुरुवात करावी लागली. दोन गोष्टी झाल्यावर तिने बाकीची पुस्तके कुठे ठेवली आहेस असे विचारले. बाइंडिंगला दिली आहेत, असे मी सांगितले. तिने मान हलवली आणि पुढे वाच म्हणाली.